पंचनाम्यात माणूस कुठे?

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूर परिसरात गारपीट झाली की पाठोपाठ तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात. हरभरा किती टक्के झोडपला, गहू किती आडवा झाला, किती गुरे दगावली, किती घरांचे पत्रे उडाले, याचा पंचनामा होतो. तो व्हायलाच हवा. मृतांची आणि गंभीर जखमींचीही नोंद होते. पण पुढच्या पंधरा-वीस दिवसांत गावात कोण आणि कशाने आजारी पडले, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. आपत्तीचा मोठा भाग मात्र याच दिवसांत घडतो.

जिल्ह्याचा इतिहास हेच सांगतो. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. १९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. त्या काळच्या दुष्काळांत भुकेने खंगलेल्या माणसांचा शेवट अनेकदा पटकी, हगवण आणि हिवताप यांनी केला. आटलेल्या विहिरींच्या तळाचे गढूळ पाणी आणि मदतकामांवरची गर्दी रोगांच्या पथ्यावर पडली. १९७२ चा दुष्काळही भीषण होता, पण तेव्हा गावोगावी कामे निघाली आणि कामावरच्या मजुरांना सुकडी मिळाली. हाल झाले, तरी १९०० सारखा मृत्यूचा खच पडला नाही. पाऊस दोन्ही वेळी दगा देऊन गेला. फरक पडला तो मजुरी, अन्न आणि आरोग्य यांच्या व्यवस्थेने.

त्यानंतरही संकटे थांबली नाहीत. २०१२-१३ चा पाणीटंचाईचा काळ, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट, फेब्रुवारी २०१८ मध्ये बुलढाणा-जालना भागात पुन्हा पडलेल्या गारा, जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर-जळगाव जामोदला आलेला पूर. ही मोठी नावे सर्वांच्या लक्षात राहतात. लक्षात राहत नाही ती एकेकट्याला गाठणारी आपत्ती.

त्यात पहिली वीज. २०२२ मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींनी झालेल्या मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक, म्हणजे २,८८७ मृत्यू विजेने झाले. जूनची पेरणी आणि परतीच्या पावसातली सोयाबीनची सोंगणी या दोन्ही वेळी माणूस उघड्या रानात असतो. पाऊस आला की तो झाडाखाली धावतो, आणि तिथेच घात होतो. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर झेपावते किंवा जमिनीतून त्याच्या पायांत शिरते. गडगडाट ऐकू येताच पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. निवारा नसेल, तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. विजेच्या झटक्याने हृदय आणि श्वास दोन्ही थांबू शकतात. हृदय अनेकदा स्वतःहून पुन्हा सुरू होते, पण श्वासाचे केंद्र बधिरच राहते आणि प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा बंद पडते. या मधल्या काही मिनिटांत शेजारच्याने कृत्रिम श्वास दिला आणि छाती दाबत राहिला, तर मेल्यासारखा दिसणारा माणूस वाचू शकतो. १०८ ची गाडी लवकर निघाली तरी ही मिनिटे गावकऱ्यांच्याच हातात असतात.

दुसरी आपत्ती उन्हाची. उष्माघाताने गेलेल्या माणसाच्या कागदावर पुष्कळदा ‘हृदयविकार’ किंवा ‘ताप’ लिहिले जाते. अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, अशी अवस्था दिसली की आधी सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी गाडी बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

तिसरी आपत्ती दिसत नाही. हातातोंडाशी आलेला घास एका रात्रीत गेला की घरातला कर्ता गप्प होतो, जेवत नाही, रात्रभर जागतो. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भात याकडे ‘होईल ठीक’ म्हणून पाहणे परवडणारे नाही. शेताच्या नुकसानीची चौकशी होते, तशी त्याच्या झोपेची आणि जेवणाचीही झाली पाहिजे. १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, हे किती घरांना ठाऊक आहे?

म्हणून पिकाच्या पंचनाम्याबरोबर आरोग्याचाही पंचनामा व्हावा. त्यासाठी नवे खाते नको, एक वही पुरे. अतिवृष्टी, गारपीट किंवा उष्णतेच्या लाटेनंतर पंधरा दिवस आशाताईंनी घरोघर चार गोष्टी विचाराव्यात: जुलाब, ताप, इजा आणि झोप. विहिरीत ब्लीचिंग पावडर कधी टाकली, नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरले का, हे तारखेसह लिहावे. आशाताईंवर आधीच कामांचा बोजा आहे, हा आक्षेप खरा आहे. या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, हे त्याचे उत्तर. प्रत्येक वस्तीत छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेली चार-पाच माणसे तयार करणे तर एका दुपारचे काम आहे.

अशी वही दहा वर्षे राहिली, तर कोणत्या शिवारात वीज जास्त पडते, कोणत्या विहिरीचे पाणी पुरानंतर बिघडते, कोणत्या आठवड्यात ऊन जीव घेते, हे अमडापूरसारख्या गावाला स्वतःच्याच नोंदींतून कळेल. गारा थांबवणे कोणाच्या हातात नाही. गारांनंतरचे पंधरा दिवस मात्र ग्रामपंचायतीच्या आणि आरोग्य केंद्राच्या हातात आहेत. यंदाच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत कसली?