अंगणवाडीत दुसऱ्या ताई हव्यात

चार वर्षांचे मूल. अंगणवाडीच्या पटावर नाव आहे, वजन-उंचीची नोंद होते, गरम आहारही मिळतो. पण ते बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही आणि गाणी सुरू झाली की कानांवर हात ठेवून दाराकडे पळते. ‘याचे वडीलही उशिराच बोलले,’ असे आजी सांगते आणि आणखी एक वर्ष जाते.

अशी मुले शोधण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करणे अपेक्षित आहे. शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. बोलत नसलेल्या मुलाची श्रवणचाचणी सर्वांत आधी व्हायला हवी, ती तिथे होते. अडते ते पुढे. अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी आईचा अख्ख्या दिवसाचा रोज बुडतो. तीन-चार खेपांनंतर ती येईनाशी होते आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘पालकांचे सहकार्य नाही’. हा शेरा अन्यायाचा आहे.

त्यापेक्षा विशेष शिक्षिकेनेच अंगणवाडीत का जाऊ नये? मुलाला कोपऱ्यात वेगळे बसवून शिकवायला नव्हे, तर सेविकेच्या जोडीने तोच वर्ग घ्यायला. सेविका गोष्ट सांगते, तेव्हा दुसऱ्या ताई तिचीच चित्रे एकामागून एक दाखवतात. आधी गाणे, मग हात धुणे, मग खाऊ, असा दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावतात. आता काय होणार हे कळले की पळणारे मूल पुष्कळदा थांबते. पाणी हवे असेल तर पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायला शिकते. (चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे.) यासाठी ऑटिझमचे प्रमाणपत्र हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उशिरा बोलणाऱ्या, बुजणाऱ्या, घरी दुसरी बोली असलेल्या मुलांनाही याचाच उपयोग होतो. आणि शेजारी बसून ठोकळे रचणाऱ्या मुलांकडून ते मूल जे उचलते, ते थेरपीच्या बंद खोलीत मिळत नाही.

कायद्यात मात्र इथेच फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो सहा ते अठरा या वयासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले. अंगणवाडी त्यात नाही. मेंदू सर्वांत लवचीक असतो, ती वर्षे दोन्हींतून सुटली. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला, हे चांगलेच झाले. पण त्याचा भार पडतो तो पोषणाच्या नोंदी मोबाइलमध्ये भरता भरता वर्ग चालवणाऱ्या त्याच सेविकेवर. काही दिवसांच्या प्रशिक्षणाने ती विशेष शिक्षिका होत नाही. तशी अपेक्षा तिच्याकडून ठेवूही नये.

प्रत्येक अंगणवाडीला स्वतंत्र विशेष शिक्षिका परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. मग एका पर्यवेक्षिकेच्या बीटमागे एक द्यावी. गरज असलेल्या प्रत्येक अंगणवाडीत तिने ठरलेल्या वारी जावे, सेविकेबरोबर वर्ग घ्यावा आणि निघण्यापूर्वी त्या आठवड्यात काय करायचे ते तिला आणि मुलाच्या आईला करून दाखवावे. तिचा प्रवासभत्ता मात्र वेळेवर निघायला हवा, नाहीतर ‘ठरलेला वार’ कागदावरच राहील.