नॉर्मल म्हणजे काय रे भाऊ?

ऑफिसात वार्षिक तपासणी झाली की पुढचे चार दिवस पुरुषमंडळींत एकच विषय. "माझा बीएमआय २२.८, एकदम नॉर्मल!" सांगणाऱ्याचे हातपाय काड्यांसारखे आणि पोटावरचं बटण जीव मुठीत धरून बसलेलं. पण कागदावर 'नॉर्मल' छापून आलंय ना, मग संध्याकाळी वडापाव.

मला या आकड्याचा खरंच राग येतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, संपलं गणित. मूळ सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३०च्या दशकातलं. तो शोधत होता 'सरासरी माणूस'. तुमच्या-माझ्या तब्येतीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ सालचं, अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलेलं, आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासाला सोयीचं म्हणून.

आता आपल्या पुण्याचंच बघा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन पळणारे, आणि याज्ञिकांचा व्यायाम, त्यांनीच गमतीने लिहिल्याप्रमाणे, रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठण्यापुरता. (तुमचा किती?)

आपली गोम हीच आहे. स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही नेमकी पोटात, आतड्या-यकृताभोवती. मधुमेहाला हीच जागा आवडते. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. उलट आखाड्यातला पैलवान त्याच्यावर उभा राहिला तर तो 'लठ्ठ' ठरतो!

म्हणूनच २००९ साली आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या. २३च्या पुढे जादा वजन, २५च्या पुढे लठ्ठपणा, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत. तरी मी पाहिलेल्या कित्येक रिपोर्टांवर २५पर्यंत सगळं आलबेल असतं. कंबर तर कोणी मोजतच नाही. दहा रुपयांची शिंप्याची टेप या पॅकेजात बसत नाही म्हणे.

बीएमआय अगदीच टाकाऊ आहे असं नाही. तो फार वर गेला तर ते गंभीरपणे घ्यायलाच हवं. पण खाली आहे म्हणून निर्धास्त व्हायचं, हे कुठलं शास्त्र?

"माझी पँट अजून चौतीसचीच आहे" हेही सांगू नका. पुरुषाचं पोट वाढलं की पँट ढेरीच्या खाली सरकते, नंबर तोच राहतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरायची, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही. बायकोला धरायला सांगा, ती आकडा खरा वाचेल :)