बहुमत मिळालं, हॉस्पिटल गेलं

कॅलिफोर्नियातल्या सॅन पाब्लो या छोट्या शहरात डॉक्टर्स मेडिकल सेंटर नावाचं सार्वजनिक हॉस्पिटल होतं. शेजारच्या रिचमंडमध्ये शेव्हरॉनची रिफायनरी आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तिला आग लागली, धूर वस्त्यांवर पसरला आणि सुमारे १५,००० लोकांना उपचार घ्यावे लागले. अशा वस्तीचं हे हॉस्पिटल एप्रिल २०१५ मध्ये बंद झालं.

त्याआधी, मे २०१४ मध्ये, लोकांना मतपत्रिकेवर विचारलं गेलं होतं: हॉस्पिटल वाचवायला बांधकामाच्या दर चौरस फुटामागे वर्षाला १४ सेंट कर द्याल का? निम्म्याहून जास्त मतदार हो म्हणाले. तरी प्रस्ताव पडला. असा विशेष कर लावायला तिथं दोन तृतीयांश मतं लागतात. ही अट १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' मधून आली. म्हणजे एक तृतीयांशांहून थोडे जास्त लोक बाकी सगळ्यांचं हॉस्पिटल बंद पाडू शकतात.

स्थानिक लोकच कंजूष, असं यावर म्हणणं सोपं आहे. पण याच मतदारांनी २००४ आणि २०११ मध्ये दोन तृतीयांशांचा अडथळा पार करून स्वतःवर कर लावून घेतला होता. तोटा त्यांनी केलेला नव्हता. बहुतेक रुग्ण सरकारी विम्यावरचे, आणि तो विमा उपचाराचा पुरता खर्चही देत नव्हता. दर ठरवणार वरचं सरकार, खड्डा भरणार सॅन पाब्लोचे लोक.

मला खरी गोम हद्दीत दिसते. हा कर फक्त काउंटीच्या पश्चिम भागापुरता होता. त्याच काउंटीतली ओरिंडासारखी श्रीमंत गावं त्या रेषेबाहेर. आणि ही रेषा निरागस नाही. दुसऱ्या महायुद्धात रिचमंडच्या जहाज कारखान्यांत कामाला आलेल्या काळ्या कामगारांना सरकारनेच वेगळ्या वस्त्यांत ठेवलं. गोऱ्यांना घर घ्यायला सरकारी हमीचं कर्ज मिळालं, त्यांना नाही. आधी मालमत्ता नाकारायची, मग त्याच वस्तीला सांगायचं की तुमच्या मालमत्तेतून तुमचा दवाखाना चालवा. गावकुसाबाहेर वस्ती आणि पाणवठाही ज्याचा त्याने बघावा, हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडे असं मतदान होत नाही. पण मनात तीच मतपेटी असते. 'आमच्या टॅक्सच्या पैशावर' हे वाक्य आरक्षणापासून रेशनपर्यंत कुठंही ऐकू येतं, जणू साबण-काडेपेटी विकत घेणारी बाई करच भरत नाही. भाडेकरूही घरमालकाचा मालमत्ता कर भाड्यातून भरत असतोच. मताचा हक्क मालमत्तेला बांधू नये, यासाठी बाबासाहेब १९१९ च्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट सैल करा म्हणून भांडले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला.

मुंबईत केईएम, नायर, सायन ही महापालिकेची हॉस्पिटलं. तिथं बाहेरगावच्या रुग्णांकडून जास्त पैसे घ्यावेत, मुंबईकर करदात्याने त्यांचा भार का वाहायचा, अशी चर्चा अधूनमधून डोकं वर काढते. महापालिकेवर ताण आहे, हे मी नाकारत नाही. पण पालघरहून आलेल्या आदिवासी बाईला सायनला यावं लागतं, कारण तिच्या जिल्ह्यात तो विभाग उभा केलेला नाही. तो उभा करणं राज्याचं काम होतं. तेव्हा तिच्या उपचाराचं बिल महापालिकेने मंत्रालयात पाठवावं.