कॉम्प्युटर हॅक झाला तर लगेच फॉरमॅट का करू नये?

वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली भागात अनेक लहान कारखाने गाळ्यांमध्ये चालतात. बिलं, जीएसटी, ऑर्डर असं सगळं एक-दोन कॉम्प्युटरवरच असतं. समजा, एका सकाळी फाइल उघडेनाशा झाल्या आणि स्क्रीनवर खंडणीचा मेसेज आला. अशा वेळी नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं जातं आणि तो विंडोज नव्याने टाकून देतो. काम सुरू होतं, पण हल्लेखोर आत कुठून शिरला आणि काय घेऊन गेला, याचा मागही पुसला जातो.

आधी काय करायचं?

नेटवर्क तोडायचं. लॅन केबल काढायची, वायफाय बंद करायचं. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला, तेव्हा व्हायरस पसरू नये म्हणून महामंडळानेही आपल्या सिस्टिम नेटवर्कपासून तोडल्या होत्या.

मशीन बंद का करायचं नाही?

कारण काही पुरावा फक्त रॅममध्ये असतो. कोणता प्रोग्रॅम चालू आहे, तो कोणत्या पत्त्याशी जोडलेला आहे, कधी कधी फाइल कुलूपबंद करणारी किल्लीसुद्धा तिथे सापडते. वीज गेली की हे सगळं जातं. म्हणून नेटवर्क तोडून मशीन चालू ठेवायचं आणि तज्ज्ञाला बोलवायचं.

याला एक अपवाद आहे. डोळ्यांदेखत एकामागून एक फाइल लॉक होत असतील आणि नेटवर्क तोडूनही ते थांबत नसेल, तर बंद केलेलं बरं. रॅममधला पुरावा जाईल, पण उरलेला डेटा वाचेल.

दरम्यान स्क्रीनचे फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. अँटिव्हायरस चालवून फाइल उडवू नका. बॅकअपची हार्डडिस्क त्या मशीनला चुकूनही जोडू नका.

कोर्टात काय लागतं?

तज्ज्ञ मूळ डिस्कवर काम न करता तिची हुबेहूब प्रत काढतात आणि दोन्हींची 'हॅश व्हॅल्यू' जुळवतात. हा डेटाचा अंगठ्याचा ठसाच समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हे सुप्रीम कोर्टाने जुन्या कायद्याखाली जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं. ते प्रकरण जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचं होतं.

कळवायचं कुणाला?

बँकेतून पैसे गेले असतील तर सर्वात आधी १९३० वर फोन करा. तक्रार मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे करता येते. शिवाय एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवायचा असतो.

लहान कारखानदाराची अडचण खरी आहे. मशीन बाजूला ठेवलं तर आजची डिलिव्हरी अडते. म्हणून जमल्यास दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर काम सुरू करा. कारण हल्लेखोर ज्या वाटेने आत आला ती सापडली नाही, तर नव्या विंडोजमध्येही तो त्याच वाटेने पुन्हा येऊ शकतो.