अठरा हातांची देवी आणि न मोजणारे यंत्र

नवरात्राच्या तोंडावर नाशिकच्या पंचवटीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मंडळाची दोन पोरं डिझायनरच्या खुर्चीमागे उभी होती. सप्तशृंगीचा फलक करायचा होता आणि देवीचे चित्र त्यांनी मोबाइलवर एआयकडून काढून आणले होते. रंग झकास, प्रभावळ झकास. डिझायनरने चित्र मोठे केले आणि बोट ठेवून हात मोजायला घेतले. उजवीकडे सात, डावीकडे आठ, त्यातल्या एका मनगटाला दोन पंजे. सप्तशृंगी गडावरची देवी अठराभुजा आहे, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ हात. पोरांनी ‘बरोबर अठरा हात’ असे बजावून पुन्हा चित्र मागवले. या खेपेला बारा आले.

‘एआय ऐकतच नाही’ ही तक्रार हल्ली सगळीकडे कानावर येते. ते का ऐकत नाही, हे एकदा कळले की निम्मा त्रास वाचतो. चित्र काढणारी बरीचशी यंत्रे नुसत्या रंगीत ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि टप्प्याटप्प्याने तो गोंधळ निवळत नेतात. प्रत्येक टप्प्यावर ‘या शब्दांसोबत एरवी कसे चित्र असते’ एवढाच अंदाज असतो. पुष्कळ हात असलेली देवी कशी दिसते, हे यंत्राला साधारण ठाऊक असते. हात मोजायची पायरी त्यात कुठेच नसते. बोटांचे तेच, दिव्यांचे तेच, रथाच्या आऱ्यांचेही तेच. नवी यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, तरी पाच-सहाच्या पुढे गेले की भरवसा ठेवू नये.

सप्तशृंगीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. 2022 मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला आणि देवीचे मूळ रूप समोर आले. इंटरनेटवर मात्र आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही फोटो आहेत, आणि यंत्र ते एकमेकांत मिसळू शकते. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. देवीचे रूप यंत्राकडून काढून घेऊच नये. गडावरचा चांगला फोटो परवानगीने घ्यावा, तो यंत्राला द्यावा आणि फक्त मागचे आभाळ, डोंगर, फुलांची आरास बदलून मागावी. बहुतेक सेवांमध्ये चित्राचा ठराविक भाग निवडून तेवढाच बदलता येतो. मूर्ती निवडीच्या बाहेर ठेवली की हात शाबूत राहतात.

आता गोदाकाठचे रामकुंड. नुसते ‘नाशिकचा गोदाघाट’ म्हणून चित्र मागा. रुंद नदी, उंचच उंच पायऱ्या, वर राजवाडे आणि छत्र्या, म्हणजे सरळ बनारस हाती येण्याची शक्यता मोठी. यात नवल नाही. ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे 2022 मध्ये आलेले यंत्र ज्या ‘लायन’ साठ्यातल्या चित्रांवर शिकले, त्यात चित्र आणि मजकुराच्या पाचशे कोटींहून अधिक जोड्या होत्या. त्यातल्या सव्वादोनशे कोटींहून अधिक एकट्या इंग्रजीतल्या, आणि उरलेल्यांत जगातल्या शंभरावर भाषा. भारतातला घाट म्हटले की जगाने सर्वाधिक फोटो बनारसचे टाकलेले. यंत्र त्या गर्दीच्या मागे जाते.

मग लोक लिहितात, ‘राजवाडे नकोत’. पुष्कळ यंत्रांना ‘नको’ धड कळत नाही, राजवाडा हा शब्द तेवढा कळतो, आणि आधी दोन होते तिथे चार उभे राहतात. जे नको ते सांगू नये, जे आहे ते सांगावे. अरुंद पात्र, चौकोनी कुंड, काठाला बुटकी काळ्या दगडाची देवळे, आणि पात्रातच उभा असलेला शेंदरी दुतोंड्या मारुती. पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याला, यावर अख्खे नाशिक पुराची उंची ठरवते. तो नसलेले रामकुंडाचे चित्र नाशिककर लांबूनच ओळखतो. हे सगळे मराठीत लिहिले तरी चॅटजीपीटी आणि जेमिनाय समजून घेतात; जुन्या धाटणीच्या यंत्रांना इंग्रजीतच सांगावे लागते. द्राक्षबागेचेही असेच. नुसते ‘द्राक्षमळा’ म्हटले तर फ्रान्समधल्या कमरेएवढ्या रांगा येतात. तारांचा मांडव, डोक्यावर पानांचे छत आणि खाली लोंबणारे घड असे सांगा, मग दिंडोरी-निफाडची बाग दिसू लागते.

अक्षरांबद्दल फार बोलायला नको. यंत्र बरेचदा अक्षर लिहीत नाही, अक्षराचे चित्र काढते. ‘त्र्यंबकेश्वर’ सारखे जोडाक्षरांनी भरलेले नाव त्याच्या हाती दिले की कुठे रफार वाढतो, कुठे मात्रा हवेत तरंगते. चित्रात मजकुराची जागा मोकळी ठेवायला सांगा आणि अक्षरे डीटीपीवाल्याकडून, नेहमीच्या फॉन्टमध्ये टाकून घ्या. प्रूफ तपासायला घरातले शाळकरी पोर पुरते.

छपाईत चित्र फुटते, ही दुसरी हमखास तक्रार. मोबाइलवर सुरेख दिसणारे चित्र पुष्कळदा 1024 बाय 1024 ठिपक्यांचेच असते. दहा फुटांचा फ्लेक्स म्हणजे 120 इंच. इंचाला जेमतेम साडेआठ ठिपके आले. काम नीट व्हायचे तर बहात्तरच्या आसपास लागतात. म्हणून आडव्या फलकाला सुरुवातीलाच आडवे माप सांगा, चित्र मोठे करणारी वेगळी सोय वापरा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे शाईत मंदावते, तेही गृहीत धरा. चित्र तयार होताना अडकले तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, फुकट चित्रांची मर्यादा त्यातच संपते. आधी जुन्या चित्रांच्या यादीत बघा, बरेचदा ते तिथे तयार असते. मागणीत ‘वध’, ‘रक्त’ असे शब्द आले की काही सेवा नकार देतात. तिथे ‘त्रिशूळ घेतलेली देवी’ एवढे पुरते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती श्रद्धांजलीच्या फलकांची. आजीचा एकच फोटो असतो, रेशनकार्डावरचा किंवा कुणाच्या लग्नाच्या घोळक्यातला, नखाएवढा. तो ‘स्वच्छ’ करायला यंत्राकडे दिला जातो. नखाएवढ्या फोटोत चेहऱ्याचा तपशीलच नसतो, तेव्हा यंत्र तो स्वतः रचते. कातडी गुळगुळीत होते, दात सरळ होतात. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण डाग समजून पुसले जाते. वर्षश्राद्धाला आलेली आजीची बहीण फोटोकडे बघत राहते आणि म्हणते, ही आमची बाई नव्हे. एक पिढी गेली की तोच चेहरा घराच्या भिंतीवर खरा म्हणून राहणार.

अशा फोटोसाठी स्टुडिओत जाऊन मूळ प्रत 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्या. ओरखडे आणि बुरशीचे ठिपके हाताने काढून द्यायला सांगा, चेहऱ्याला हात लावू देऊ नका. फोटो थोडा धूसर राहिला तर राहू द्या.

2027 चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे. शहरभर हजारो फलक लागतील आणि त्यांतले पुष्कळसे याच यंत्रांतून निघतील. मंडळांना, नगरसेवकांना, दुकानदारांना आणि डिझायनर मित्रांना माझी एकच विनंती आहे. छपाईला देण्याआधी चित्र मूळ फोटोच्या शेजारी ठेवून बघा, हात मोजा, मारुती जागेवर आहे का ते पाहा, आणि मगच पैसे भरा.