सात वर्षांची मुदत आणि रुग्णवाहिका

एअरबॅगमध्ये दोष आढळल्यामुळे अमुक इतक्या मोटारी कंपनीने परत बोलावल्या, अशी चार ओळींची बातमी वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत असते. मोटारमालक ती वाचतो, आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक यादीत आहे की नाही हे पाहून घेतो आणि निर्धास्त होतो. परंतु ज्या वाहनाला घरचा असा मालकच नाही, त्याच्या बाबतीत ही बातमी वाचावयाची कोणी?

जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ ह्या अवधीत तयार झालेल्या ह्या गाड्यांची एअरबॅग आणि आसनपट्टा ताणून धरणारी यंत्रणा क्वचित प्रसंगी ऐन अपघाताच्या क्षणी चालणार नाही, अशी शंका होती. शंका येताच कंपनीने ती जाहीर केली आणि सदोष भाग बदलून होईपर्यंत गाडी चालवू नये असा सल्लाही दिला, हे तिने योग्यच केले. त्या यादीत अल्टो, बलेनो, ब्रेझा ह्यांच्या जोडीला ईकोचेही नाव होते. ईको हीच गाडी रुग्णवाहिकेच्या रूपातही विकली जाते. घरच्या मोटारीस आठवडाभर विश्रांती देता येते. माणूस रिक्षाने जाईल, लोकलने जाईल. रुग्णवाहिकेच्या बाबतीत ‘गाडी चालवू नका’ हा सल्ला कोणी कोणास द्यावयाचा आणि त्या आठवड्यात अडलेल्या बाळंतिणीने काय करावयाचे?

हा प्रश्न एका कंपनीचा वा एका यादीचा नाही. टाकाटा ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगांनी गेल्या दोन दशकांत जो हाहाकार उडविला, तो ज्यांनी बारकाईने पाहिला असेल त्यांना ह्या प्रश्नाची खोली कळेल. एअरबॅग फुगविण्यासाठी ह्या कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरले. खाणीत सुरुंग लावण्यासाठी आणि खतासाठी वापरला जाणारा हा स्वस्त पदार्थ. धातूच्या डबीत दाबून बसविलेल्या त्याच्या वड्यांना वर्षानुवर्षे दमट हवा लागली आणि दिवसाचे ऊन व रात्रीचा गारवा ह्यांचा फेरा चालू राहिला, की त्या सच्छिद्र होतात. मग अपघाताच्या वेळी त्या जितक्या वेगाने पेटावयास हव्यात त्याहून फार अधिक वेगाने पेटतात, डबी फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या मानेत व छातीत घुसतात. जी पिशवी जीव वाचविण्यासाठी बसविली, तीच जीव घेते. अमेरिकेत अशा रीतीने २५ हून अधिक माणसे दगावली आणि सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत बोलावाव्या लागल्या. अमेरिकेबाहेरचा पहिला मृत्यू २०१४ साली मलेशियात झाला. उष्ण आणि दमट हवेचा तो देश आहे, हे कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण तरी विसरू नये. जानेवारी २०१७ मध्ये टाकाटाने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, एक अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

ह्या कहाणीतील मुख्य गोष्ट काळाची आहे. हा दोष कारखान्यातून गाडी बाहेर पडते त्या दिवशी दिसत नाही. त्याला मुरावयास वर्षे लागतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ही मुदत ६ ते २५ वर्षांची सांगितली आहे. आता आपला कायदा पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार केंद्र सरकारला प्रथमच मिळाला. तोपर्यंत सारा कारभार कंपन्यांच्या सौजन्यावर चालला होता. तेव्हा ह्या कलमाचे स्वागत करावयास हवे. परंतु २०२१ साली अमलात आलेल्या नियमांनी ही सक्ती सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरती मर्यादित केली. म्हणजे ज्या वयात हा दोष डोके वर काढू लागतो, नेमक्या त्याच वयात सरकार हात झटकून मोकळे होणार! सरकारी खलित्यातील आकडे कोठून येतात हे एक गूढच असते. पण हा सातचा आकडा ज्याने घातला त्याने टाकाटाची कागदपत्रे उघडून पाहिली असतील असे मानण्यास आमचे मन धजत नाही. एप्रिल २०१९ मध्ये होंडा कंपनीने आपल्या येथे विकलेल्या ३,६६९ अकॉर्ड गाड्या टाकाटाच्या एअरबॅगसाठी परत बोलावल्या. त्या २००३ ते २००६ च्या दरम्यानच्या, म्हणजे किमान बारा वर्षांच्या होत्या. कंपनीने ते आपण होऊन केले. तिने ते केले नसते, तर आजचा नियमही तिला भाग पाडू शकला नसता.

रुग्णवाहिका आणि अग्निशामक वाहने ह्यांचे आयुष्य सात वर्षांत संपत नाही, हे नगरपालिकेच्या आवारात एकदा डोकावून पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्या वर्षीच्या कोणत्याही वाहनाची सात वर्षे २०२१ मध्येच संपली. शिवाय रुग्णवाहिका उन्हापावसात उघड्यावर उभी असते, रात्रंदिवस धावते आणि धावते तीही सिग्नल ओलांडून, घाईने. मागे रुग्ण आडवा, शेजारी डॉक्टर उभा. त्या तिघांचाही जीव एका चालकाच्या शुद्धीवर अवलंबून. त्या चालकासमोरची पिशवी उघडलीच नाही किंवा भलतीच उघडली, तर बळी एकाचाच जाईल असे समजण्याचे कारण नाही.

कंपन्यांवर विसंबून राहिल्यास काय होते, ह्याचा दाखला अमेरिकेतलाच आहे. तेथील कायद्यानुसार एखादा दोष सुरक्षिततेच्या दृष्टीने नगण्य ठरवावा, असा अर्ज उत्पादकास करता येतो. जनरल मोटर्सने टाकाटाची एअरबॅग असलेल्या आपल्या २००७ ते २०१४ च्या मोठ्या गाड्यांसाठी २०१६ पासून ओळीने चार अर्ज केले. आमच्या गाड्यांची रचना निराळी, त्यांत डबी फुटत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. ह्या गाड्यांतली टाहो पोलिसांच्याही वापरात असते. प्रशासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये चारही अर्ज फेटाळले आणि सुमारे ५९ लाख गाड्या परत बोलावणे कंपनीस भाग पडले. निर्णय योग्य लागला, पण मधली चार वर्षे त्या गाड्या रस्त्यावर होत्या.

आपल्याकडे ह्याखेरीज आणखी एक अडचण आहे. परत बोलावण्याची सूचना नोंदणीकृत मालकास जाते. रुग्णवाहिकेचा हा मालक म्हणजे कोठे जिल्हा परिषद, कोठे धर्मादाय न्यास, कोठे आमदार निधीतून गाडी मिळालेली एखादी संस्था. सांगाडा एका कारखान्याचा, आतली खाट आणि प्राणवायूची सोय दुसऱ्या कारागिराची, चालक तिसऱ्याच ठेकेदाराचा. पत्र आवक बारनिशीत नोंदले जाते, फाइलीस लागते आणि गाडी पुढच्या फेरीस निघते. देणगीदाराचे नाव गाडीच्या दोन्ही अंगांस हातभर अक्षरांत रंगविलेले असते. तिच्या देखभालीस जबाबदार कोण, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

ऑस्ट्रेलियाने ह्यावर इलाज केला. जुलै २०१७ मध्ये सिडनीत टाकाटाच्या एअरबॅगने एक मनुष्य दगावल्यानंतर तेथील सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये सक्तीचा हुकूम काढला. सुमारे ३० लाख गाड्यांतील ४० लाख एअरबॅगा २०२० च्या अखेरपर्यंत बदला, असे कंपन्यांना बजावले. तेथील राज्यांनी दुरुस्ती न केलेल्या गाड्यांची नोंदणी अडवून धरली. परिणामी, नगण्य अपवाद वगळता सर्व एअरबॅगांचा हिशेब लागला.

आपल्याकडे ह्यासाठी नवे खाते निर्माण करण्याचीही गरज नाही. रुग्णवाहिकेस परिवहन कार्यालयाकडून योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी एकदा, पुढे दरवर्षी. परत बोलावलेल्या गाड्यांचे चॅसिस क्रमांक त्या कार्यालयाच्या संगणकावर असले आणि दोष दूर झाल्याचा दाखला पाहिल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नसले, तर फाइलीत हरवलेले पत्र आपोआप वर येईल. मात्र अशी गाडी अडवून ठेवल्यास गावाला रुग्णवाहिका उरणार नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून त्याचा भार कंपनीवर पडला पाहिजे. रुग्णवाहिका व अग्निशामक वाहने तिच्या कार्यशाळेत बोलावू नयेत. तिचा कारागीर सुटा भाग घेऊन त्यांच्या तळावर जावा, आणि काम एका दिवसात होणार नसेल तर तेवढे दिवस बदली गाडी कंपनीने पुरवावी. आणि सात वर्षांची अट आपत्कालीन वाहनांपुरती तरी ताबडतोब उठवावी. त्यासाठी संसदेकडे जाण्याचे कारण नाही. अट नियमाने घातलेली आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयास ती एका अधिसूचनेने काढता येईल.