नाईलकाठच्या आईचा कागद

गेल्या डिसेंबरात आम्ही इजिप्तला जाऊन आलो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आग्रह धरला. बचत गटाची कामं मैत्रिणींवर सोपवून मीही निघाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढा पैसा घालून मेलेली माणसं बघायला कशाला जायचं गं?" तेव्हा हसले. पण तिथली एक मेलेली बाई मला फार काही शिकवून गेली.

थंडीत लक्सरला दिवसा छान ऊन आणि रात्री शाल लागेल असा गारवा. नाईलच्या पूर्वेला कर्नाकची देवळं, पश्चिमेला डोंगरात राजांची थडगी. मान वर करकरून खांब पाहिले. घर आठवलं ते मात्र जेवताना. तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा अशी तिथली कोशरी म्हणजे आपल्या खिचडीची बहीणच! रोटीला तिथं 'ऐश' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ आयुष्य असाही होतो. भाकरीवर जगणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

सहलीच्या कार्यक्रमात पपायरसच्या दुकानासाठी तासभर होता, पण देर अल-मदिना हे गाव नव्हतं. मी आणि जाऊबाईंनी हट्टानं वेगळी टॅक्सी केली. राजांची थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे जुनं गाव. छपरं गेली, भिंती उरल्यात. एकाला एक लागून घरं, मागं स्वयंपाकघर, खाली तळघर. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ही तर चाळच!"

तिथं आमच्या गाईडनं नौनाख्तेची गोष्ट सांगितली. आठ मुलांची आई. इ.स.पूर्व ११४५ च्या सुमारास, म्हातारपणी, ती गावच्या पंचांसमोर उभी राहिली. आठही लेकरं मी वाढवली, संसाराला लागेल ते दिलं, आता ज्यांनी मला विचारलं त्यांनाच माझं मिळेल, असं तिनं सांगितलं. न विचारणाऱ्यांना वगळलं. नवऱ्याबरोबरच्या मिळकतीत तिचा एक तृतीयांश वाटा होता. वडिलांच्या वाट्यावरचा मुलांचा हक्क तिनं नाकारला नाही, स्वतःच्या वाट्याचं मात्र स्वतः ठरवलं. एका मुलाला ब्राँझचं भांडंही जास्तीचं दिलं. पपायरसवरचा तो कागद आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

मला आमच्या गटातल्या एक मावशी आठवल्या. नवऱ्यामागं घर त्यांच्या नावावर झालं होतं. "आई, सही कर गं," म्हटल्यावर त्यांनी ते मुलाच्या नावे करून दिलं. आज त्याच घराच्या मागच्या पडवीत त्यांची खाट आहे. कागदात काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"पोटच्या पोरांशी कसला कागद?" असं आपण म्हणतो. पण नौनाख्तेनं माया कमी केली नव्हती, आठांनाही वाढवलं होतंच. माया आणि सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच तिला कळत होतं. तीन हजार वर्षांनंतर, शिकलेल्या आपल्याला ते कळू नये?

करायचं फार काही नाही. जिवंतपणी घर देऊन टाकण्यापेक्षा मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदारांसमोर सही लागते, नोंदणीची सक्ती नाही आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. द्यायचंच असेल, तर सांभाळण्याची अट कागदात लिहून घ्यावी. मग सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानुसार प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि तो व्यवहार रद्द होऊ शकतो.

परदेशी जाणं सगळ्यांनाच जमेल असं नाही. पण जिथं जाल तिथं राजाचा महाल पाहून झाला की बाईचं स्वयंपाकघरही शोधा. आपल्या कामाचं तिथंच सापडतं.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी आणि मी आपापलं मृत्युपत्र केलं. मुलं जरा गप्प झाली. मग धाकटी म्हणाली, "आई, ब्राँझचं भांडं कुणाला?"

मी म्हटलं, "बघू या, कोण विचारतंय ते!"